महिन्याची बैठक

एखाद्या विचारपंथाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम ग्रंथांकडे, मग जाहीरनाम्यांकडे व शेवटीं पुढाऱ्यांच्या चरित्रांकडे वळते. तो पंथ ज्या खोलींत, ज्या सतरंजीवर आणि महिन्याच्या ज्या ठराविक रविवारीं वाढला, त्या खोलीचा व त्या रविवाराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. मानवतावादाच्या बाबतींत ही उणीव विशेष खटकते. ज्या मतास देव्हारा नाहीं, यात्रा नाहीं, गुरुपरंपरा नाहीं आणि मतांची पेटीहि नाहीं, त्या मतास पाय टेकावयाला जागा म्हणजे त्याच्या अनुयायांची नियमानें भरणारी बैठक, एवढीच होय. ती मोडली कीं मत पुस्तकांत उरतें. माणसांत उरत नाहीं.

मानवतावाद म्हणजे केवळ भूतदया नव्हे. भूतदया आपल्या संतांनीं भरपूर शिकविली आहे व तिच्याविषयीं कोणाचाहि तंटा नाहीं. माणसाच्या सुखदुःखाचा हिशेब माणसानेंच बुद्धीनें व अनुभवानें मांडावा, नीतीला परलोकाच्या धाकाची गरज नाहीं, आणि कोणताहि ग्रंथ, राजा, पक्ष किंवा जमाव व्यक्तीहून श्रेष्ठ मानूं नये, असें म्हणणारें जें मत त्यास येथें मानवतावाद म्हटलें आहे. हें मत उच्चारणें सोपें आहे. पण चार माणसांत बसून, शेजारपाजाऱ्यांच्या देखत, वर्षानुवर्षें तें बोलत राहणें अवघड आहे. म्हणून त्याची खरी कसोटी पुण्यामुंबईस लागत नाहीं. ती लागते एखाद्या सोनगीरास.

सोनगीर हें गांव धुळ्याच्या उत्तरेस सुमारें 20 किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत आहे. डोंगरावर जुना किल्ला, पायथ्याशीं वस्ती, आणि वस्तींत तांब्यापितळेचीं भांडीं घडविणाऱ्या कारागिरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, अशी त्याची ओळख साऱ्या खानदेशांत आहे. अशा गांवीं प्रत्येक जण प्रत्येकाचें कूळ, जात, सोयरीक आणि उधारी ओळखून असतो. शहरांत सभेला कोण गेलें हें कोणी विचारीत नाहीं. गांवांत तें संध्याकाळपर्यंत सर्वांस कळतें. तेव्हां सोनगीरासारख्या ठिकाणीं मानवतावाद्यांची मासिक बैठक कोणत्या अटींवर टिकूं शकेल, हा प्रश्न मनांत ठेवून मराठी मुलखांतील अशा बैठकींचा इतिहास चाळला, तर त्यांतून कांहीं निश्चित धडे हातीं लागतात.

आपल्याकडे लोकांनीं एकत्र बसून ऐकण्याची परंपरा फार जुनी आहे. कीर्तन, प्रवचन, पुराण यांनीं अक्षरशून्य समाजाला कथा, नीति आणि भाषा दिली, हें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ह्या साऱ्या प्रकारांत श्रोत्याचें काम श्रवणाचें असे. कीर्तनकाराच्या पूर्वरंगानंतर उठून “बुवा, हें कशावरून?” असें विचारण्याची सोय त्यांत नव्हती. अर्वाचीन सभेनें जी एक नवी वस्तु आणली ती हीच: व्याख्यान संपल्यावर श्रोत्यास प्रश्न विचारण्याचा हक्क. वक्त्याचें आसन उंच असो वा नसो, प्रश्नाच्या वेळीं दोघेहि एकाच जमिनीवर उभे असतात.

ही वस्तु मराठींत आली ती मुंबईंत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. 1848 सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांतील अध्यापक व विद्यार्थी यांनीं एक साहित्य व शास्त्र सभा स्थापिली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. सभासदांनीं सृष्टिशास्त्र, इतिहास, लोकरीति अशा विषयांवर मराठींत निबंध वाचावे आणि इतरांनीं त्यांची चर्चा करावी, असा तिचा क्रम होता. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक 1850 पासून ह्याच उद्योगांतून निघालें. मराठी मासिक वाङ्मयाच्या आरंभींच अशी निबंध वाचून दाखविण्याची बैठक आहे, हें आपण बहुधा विसरलों आहों.

पण त्याच मुंबईंत, जवळजवळ त्याच माणसांच्या मेळ्यांत, 1849 च्या सुमारास दुसरी एक मंडळी जमली. ती परमहंस मंडळी. जातिभेद मोडावा, विधवाविवाह व्हावा, मूर्तिपूजा सोडावी, हीं तिचीं मतें. आणि तीं गुप्तपणें आचरावीं हा तिचा नियम. नवा सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची खूण देई. मात्र हें सारें बंद दाराआड चाले. लोक पुरेसे जमेपर्यंत मौन, मग एकदम प्रकट व्हावयाचें, असा बेत होता. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, नांवें बाहेर फुटलीं, आणि मंडळी पाहतां पाहतां विस्कटली. दाराआड जे धीट होते त्यांपैकीं पुष्कळांना उजेडांत उभें राहवेना. ज्या बैठकीची यादी चोरीस जाऊं शकते ती बैठक त्या यादीइतकीच बळकट असते, हा पहिला धडा. पुढें 1867 सालीं निघालेल्या प्रार्थना समाजानें तो ओळखला. त्याच्या उपासना उघड्या झाल्या. मात्र त्याचें पाऊल अधिक सावध पडलें आणि सभासद होण्यासाठीं जात मोडण्याचा आग्रह त्यानें धरला नाहीं.

दुसरा धडा पुण्यांत मिळाला. 24 सप्टेंबर 1873 रोजीं जोतीराव फुले व त्यांचे सहकारी यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला. ह्या समाजाच्याहि बैठकी होत, भाषणें होत. पण त्याचें सामर्थ्य भाषणांत नव्हतें. स्थापनेनंतर तीन महिन्यांच्या आंतच, 25 डिसेंबर 1873 रोजीं, समाजाच्या पद्धतीनें, भटजीवांचून, पहिला विवाह लागला. येथें विचार सभागृहांतून निघून मांडवांत शिरला. मुलीच्या बापाला पुरोहिताचा बहिष्कार सोसावा लागला तर त्याच्या बाजूला उभें राहणारीं चार माणसें सत्यशोधकांच्या बैठकींत सांपडत. परमहंस मंडळीनें सभासदाकडून धैर्य मागितलें. सत्यशोधक समाजानें सभासदाला धैर्य पुरविलें. दोहोंतील हें अंतर लहान नव्हे.

1875 पासून पुण्यांत न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढें तिचा कित्ता महाराष्ट्रांतील गांवोगांवीं गिरविला गेला. ह्या मालांनीं मोठें लोकशिक्षण केलें. तथापि व्याख्यानमाला आणि मासिक बैठक ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालेस प्रसिद्ध वक्ता लागतो, बैठकीस नियमित श्रोता लागतो. मालेंत हजार माणसें एकदां ऐकून घरीं जातात; बैठकींत वीस माणसें एकमेकांस बारा वेळां भेटतात. पहिलीमुळें मत पसरतें, दुसरीमुळें तें मुरतें.

आतां खानदेशाकडे वळूं. हा प्रांत कापसाचा, केळीचा आणि व्यापाराचा, म्हणून विचाराच्या बाबतींत त्यास मागास समजण्याची खोड कित्येकांस आहे. ती वस्तुस्थितीस धरून नाहीं. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं 1893 सालीं सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि रामदासी वाङ्मयाच्या संशोधनास वाहून घेतलें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 31 डिसेंबर 1926 रोजीं धुळ्यांतच देह ठेविला व त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. अमळनेरास प्रताप शेठ यांनीं 1916 सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापिलें. देशोदेशींचे तत्त्वचिंतक ज्या नियतकालिकांत लिहीत तें ह्या तालुक्याच्या गांवाहून निघे. ह्याच मंदिरांत साने गुरुजी प्रथम अभ्यासासाठीं आले आणि मग 1924 पासून 1930 पर्यंत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक राहिले.

ह्याहून विलक्षण अशी एक बैठक धुळ्याच्या तुरुंगांत भरली. 21 फेब्रुवारी 1932 पासून 19 जून 1932 पर्यंत दर रविवारीं विनोबा भावे यांनीं सहबंद्यांपुढें गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलें; अठरा रविवार, अठरा प्रवचनें; आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. विनोबांचें अधिष्ठान ईश्वरश्रद्धेचें होतें. मानवतावादी त्यांच्याशीं प्रमेयाप्रमेयाला वाद घालील. परंतु ठराविक वार, ठराविक विषय, ऐकणारीं तींच तीं माणसें, आणि बोललेलें टिपून ठेवणारा एक निष्ठावंत लेखक, एवढ्या चार गोष्टी जुळल्या म्हणजे भिंतीआडची बैठकहि देशभर पोंचते, हें त्या तुरुंगानें दाखवून दिलें. ज्या बैठकीचें टिपण राहत नाहीं तिचें आयुष्य त्या संध्याकाळपुरतेंच असतें. हा तिसरा धडा होय.

चौथ्या धड्याचा आरंभहि खानदेशांतच आहे. डिसेंबर 1936 मध्यें फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन झालें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्या अधिवेशनास एक असा गृहस्थ आला होता कीं जो महिन्याभरापूर्वींच, 20 नोव्हेंबर रोजीं, दीर्घ कारावासांतून सुटला होता. मेक्सिको, मॉस्को, बर्लिन व चीन पाहून आलेला हा माणूस म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय. पुढें त्यांचें व राष्ट्रीय सभेचें पटलें नाहीं. 1940 सालीं त्यांनीं रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला. दुसऱ्या महायुद्धांत फॅसिझमचा पाडाव हें पहिलें कर्तव्य असें म्हणून त्यांनीं दोस्त राष्ट्रांची बाजू घेतली व लोकांचा रोष ओढवून घेतला. 1946 च्या निवडणुकींत पक्षास यश आलें नाहीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईच्या परिषदेंत रॉय यांनीं आपल्या नव्या तत्त्वज्ञानाचीं 22 सूत्रें मांडलीं. आणि डिसेंबर 1948 मध्यें कलकत्त्यास पक्षच विसर्जित केला. उरली ती नवमानवतावादाची चळवळ: अभ्यासवर्ग, शिबिरें, नियतकालिकें आणि ठिकठिकाणच्या छोट्या बैठकी.

स्वतःचा पक्ष स्वतःच्या हातानें मोडणारा पुढारी आपल्या इतिहासांत दुर्मिळ आहे. टीकाकार म्हणाले, हरलेल्या माणसानें पराभवाला तत्त्वज्ञानाची शाल पांघरली. ह्या टीकेंत कांहीं तथ्य आहेच. जिंकणारा पक्ष कोणी बुडवीत नाहीं. पण तेवढ्यानें रॉय यांच्या युक्तिवादाचें खंडन होत नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं पक्षाचें ध्येय सत्ता, सत्तेचें साधन जमाव, आणि जमाव तयार करावयाचा तर माणसांची विचारशक्ति निजवावी लागते. लोकशाही खरी व्हावयाची असेल तर ती वरून येणार नाहीं. गांवोगांवच्या नागरिकांच्या समित्यांतून, विचार करण्याची संवय लागलेल्या व्यक्तींतून ती वर चढेल. म्हणजे सत्तेच्या शिखराऐवजीं बैठकीच्या सतरंजीवर त्यांनीं आपला डाव मांडला.

महाराष्ट्रांत हा डाव ज्यांनीं उचलला त्यांत अग्रगण्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. आणि ते खानदेशचे. 27 जानेवारी 1901 रोजीं त्यांचा जन्म साक्री तालुक्यांतील पिंपळनेरास झाला. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेंत वेदान्त व न्याय शिकलेल्या ह्या शास्त्र्यानें 1933 सालीं गांधीजींचे पुत्र देवदास व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह लावला, आणि पुढें रॉय यांच्या सहवासांत बुद्धिवादाची बैठक स्वीकारली. शेंडी ठेवून शास्त्र शिकलेला मनुष्य त्याच शास्त्राची चिकित्सा करूं लागला कीं त्याच्या शब्दाला जें वजन येतें तें केवळ इंग्रजी ग्रंथ वाचलेल्याच्या शब्दाला येत नाहीं. दुसरे सासवडचे वि. म. तारकुंडे. चालती वकिली सोडून त्यांनीं पक्षाचें काम केलें, पुढें ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि 1974 सालीं जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर नागरिकांच्या लोकशाही हक्कांसाठीं संघटना उभी करण्यांत पुढें आले. अ. भि. शहा यांनीं 1968 सालीं इंडियन सेक्युलर सोसायटी स्थापिली. हमीद दलवाई हे त्यांचे सहकारी. 18 एप्रिल 1966 रोजीं तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईच्या विधानभवनावर दलवाईंनीं जो मोर्चा नेला त्यांत सात मुसलमान स्त्रिया होत्या. आणि 22 मार्च 1970 रोजीं पुण्यांत त्यांनीं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. जें नांव फुल्यांनीं 1873 सालीं दिलें तेंच जवळजवळ शंभर वर्षांनीं दुसऱ्या एका समाजांत उगवलें.

सात स्त्रिया! पक्षाच्या गणितांत हा आंकडा हास्यास्पद आहे. बैठकीच्या गणितांत तो पुष्कळ आहे. छोट्या बैठकी हरतात असें जे म्हणतात ते मोजमापाचें मापच चुकीचें घेतात. ज्या बैठकींतून असें एखादें धैर्य बाहेर पडलें तिला हजेरीपटावरून निष्फळ ठरवितां येत नाहीं.

इतकें मान्य करूनहि एक कठोर प्रश्न उरतोच. रॉयपंथी चळवळ सोनगीरास कां पोंचली नाहीं? तिचा प्रवर्तक खानदेशच्या खेड्यांत अधिवेशनास येऊन गेला, तिचा मराठींतील थोर पंडित खानदेशांत जन्मला. तरी ती प्राध्यापक, वकील, पत्रकार आणि कामगार-संघटनांचे कार्यकर्ते यांच्या वर्तुळापलीकडे फारशी गेली नाहीं. ह्याचीं कारणें मला तीन दिसतात.

पहिलें कारण भाषा. खानदेशांत घराघरांतून अहिराणी बोलली जाते. बैठकींतील व्याख्यान मात्र ग्रांथिक मराठींत, आणि त्यांतील अर्ध्या संज्ञा इंग्रजीवरून घडविलेल्या. ज्या भाषेंत माणूस आईशीं भांडतो व बैलाशीं बोलतो त्या भाषेंत त्याला शंका विचारतां आली नाहीं, तर प्रश्नाचा हक्क कागदावर राहतो. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हतें. तरी देव, कर्म, जन्ममरण यांविषयीं त्यांनीं आपल्या घरच्या बोलींत जें म्हटलें तें विद्वानांनीं मान तुकवून ऐकलें. बोलीला तत्त्वविचार पेलत नाहीं ही सबब त्यानंतर कोणीं सांगूं नये.

दुसरें कारण वेळ आणि दार. सायंकाळचे सहा ही पगारदाराची फुरसत आहे. तीच वेळ स्त्रीच्या चुलीची आणि कारागिराच्या अखेरच्या घावांची. बैठक सर्वांस खुली आहे असें फलकावर लिहिल्यानें ती खुली होत नाहीं. डॉ. इंदुमती पारीख ह्या रॉयपंथी बाईंनीं हें ओळखलें. 1964 सालीं मुंबईंत सुरू झालेल्या ‘स्त्रीहितकारिणी’ ह्या संस्थेच्या द्वारें त्या झोपडपट्टीतील बायकांकडे स्वतः गेल्या आणि आरोग्य, कुटुंबनियोजन, मुलांचें शिक्षण अशा घरच्या प्रश्नांतून स्वातंत्र्याच्या विचारास हात घातला. त्यांनीं सतरंजीच उचलून त्या स्त्रियांच्या दारीं नेली.

तिसरें कारण सर्वांत खोल आहे. धर्मसंस्था माणसाला प्रवचन देते म्हणून तो तिला धरून नसतो. मूल जन्मलें, मुलगी उजवली, बाप वारला, अशा प्रसंगीं ती त्याच्या घरीं येते म्हणून तो तिला धरून असतो. बारा महिने बुद्धिवादाचीं व्याख्यानें ऐकलेला गृहस्थ वडिलांच्या मृत्यूनंतर तेराव्याला मुकाट्यानें पाटावर बसतो. त्यास दांभिक म्हणणें फार सोपें आहे. पण त्या दिवशीं भाऊबंद एका बाजूस आणि तो एकटा दुसऱ्या बाजूस असतां, त्याच्या बैठकीचे सभासद कोठें होते, हें कोणी विचारतें काय? 1872 च्या विवाहाच्या कायद्यानें नोंदणीविवाह करणाऱ्यास आपण अमुक धर्माचे नाहीं असें जाहीर करावें लागे. 1954 च्या कायद्यानें ती अट राहिली नाहीं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें 2016 सालीं कायदा केला. कायद्यानें दार उघडलें खरें. परंतु उंबरठा ओलांडतांना हात धरावयास माणूसच लागतो. 1873 चे सत्यशोधक हें जाणून होते. त्यांच्या पुष्कळ सुशिक्षित वारसांस तें आठवलें नाहीं.

हें सारें आज केवळ इतिहासाचें कुतूहल राहिलेलें नाहीं. 20 ऑगस्ट 2013 रोजीं पुण्यांत, सकाळीं फिरावयास निघाले असतां, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा गोळ्या घालून खून झाला. 1989 पासून त्यांनीं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या ज्या शाखा गांवोगांवीं उभ्या केल्या होत्या, त्या त्यांच्यामागें बंद पडल्या नाहींत. परमहंस मंडळी एक यादी चोरीस जातांच मोडली. हे लोक आपला पुढारी मारला गेल्यावरहि उघड्या सभा घेत राहिले. दीडशें वर्षांत मराठी मन किती चाललें याचें माप ह्या दोन घटनांच्या मधल्या अंतरांत आहे.

तेव्हां सोनगीराची बैठक कशी असावी, याचें उत्तर आतां फारसें अवघड नाहीं. ती उघडी असावी. दारावर नांव असावें. तिची वेळ गांवाला विचारून ठरवावी आणि तिच्यांत अहिराणीला पाहुणी म्हणून न बोलावतां घरची म्हणून बसवावें. वक्ता पाऊण तास बोलला तर प्रश्नांस तितकाच अवधि द्यावा. झालेल्या चर्चेचें टिपण कोणीं तरी वहींत ठेवावें. आणि बैठकीच्या सभासदांनीं एकमेकांच्या घरचीं लग्नें व मृत्यु हे बैठकीचेच विषय समजावे.

तांबट घागर घडवितो ती एका घावांत नव्हे. ठोकून ठोकून पत्रा ताठर झाला म्हणजे तो पुन्हां विस्तवांत तावावा लागतो, नाहीं तर चिरतो. मग पुन्हां ठोके, पुन्हां विस्तव. विचारी माणसाचेंहि असेंच आहे. जगाचे टोले खाऊन त्याचें मत ताठर होतें किंवा तडकतें. महिन्यांतून एकदां त्यास समानशीलांच्या ऊबेंत, विरोधकाच्या प्रश्नांत तावून घ्यावें लागतें. हें काम ग्रंथ करूं शकत नाहीं, पक्ष करूं इच्छीत नाहीं. तें बैठकीनेंच करावयाचें आहे. आणि त्यासाठीं वीस माणसें, एक वही व न चुकणारा एक रविवार एवढी सामुग्री कोणत्याहि गांवास पुरेशी आहे.